म्हाताऱ्या गाडीचं पासिंग

आमच्या गावच्या आठवडी बाजाराला लिंबाखाली लावलेल्या मोटारसायकलींचे नंबर वाचत गेलं तर आपण लातूर जिल्ह्यात आहोत की पुणे स्टेशनच्या पार्किंगमध्ये, असा प्रश्न पडावा. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अलीकडचं. म्हणजे गाड्या एमएच-२४ पाहिजेत. त्या असतातच, पण त्यांच्या जोडीला एमएच-१२ आणि एमएच-१४ यांची नुसती दाटी. मधेच ठाण्याची एखादी एमएच-०४, सोलापूरची एमएच-१३. एमएच-२४ ची गाडी बहुधा नवी असते, कर्जावर काढलेली, टाकीवरचं प्लॅस्टिक अजून न फाडलेलं. एमएच-१२ ची गाडी म्हणजे जुनी. तिचं साइड पॅनल गेलेलं असतं, सीटला बाजारातून शिवून घेतलेलं रेक्झिन असतं आणि मागे दुधाच्या कॅनसाठी वेल्डिंग करून घेतलेलं लोखंडी कॅरियर असतं.

या गाड्या इथे कशा येतात ते सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात कुणीतरी नवी गाडी घेतो, सात-आठ वर्षं ऑफिसला जातो-येतो, मग एक्स्चेंजमध्ये देऊन दुसरी घेतो. जुनी गाडी 'ऑटो डील'वाल्याकडे उभी राहते. तिथून ती औशाला येते, औशाहून गावात. तिसऱ्या मालकाकडे येईपर्यंत ती बारा-तेरा वर्षांची झालेली असते आणि तिचं खरं राबणं इथूनच सुरू होतं. पुण्यात तिच्यावर एक माणूस आणि एक लॅपटॉप होता. इथे दोन माणसं, एक लेकरू आणि खताचं पोतं. गाड्या शहरात जन्मतात आणि म्हाताऱ्या व्हायला खेड्यात येतात. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की गेल्या काही वर्षांत सरकारने सगळ्यात जोरात कात्री लावली ती गाडीच्या म्हातारपणाला. दिल्ली परिसर सोडला तर शुल्काचा तक्ता देशभर एकच आहे, जिल्हा-तालुका बघत नाही. पण म्हातारपण कुठे राहतं हे एकदा कळलं की तो तक्ता कुणाच्या खिशाकडे बोट दाखवतो तेही कळतं.

तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांची स्प्लेंडर २००५ च्या ऑक्टोबरची, एमएच-१२. २०१३ मध्ये घेतली, रीतसर नावावर केली. टीटी, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर सही घेऊन कोरा कागद कपाटात ठेवण्याची जी आपल्याकडची रीत आहे, ती तात्यांनी पाळली नाही. त्यांचा कागदांवर विश्वास फार. पंधरा वर्षं संपल्यावर त्यांनी पासिंग केलं तेव्हा नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ३०० रुपये होतं. गेल्या वर्षी वीस वर्षं भरत आली तेव्हा त्यांनी मला फोन केला. "माय, जरा कॉम्प्युटरवर बघ. इथला पोरगा दोन हजार म्हणायलाय. मला लुटायलाय का खरं हाय?"

मी बघितलं. पोरगा लुटत नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली होती: वीस वर्षांवरच्या मोटारसायकलीच्या नूतनीकरणाला २,००० रुपये, तीनचाकीला ५,०००, मोटारीला १०,०००. तात्यांना नेमका तोच दर लागला. महिन्या-दोन महिन्यांचा फरक. त्याआधीचा दर १,००० होता, आणि तोही २०२२ च्या एप्रिलपासूनचा, त्याआधी ३००. आणखी मागे गेलं तर २०१६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत मोटारसायकलीच्या नोंदणीला ६० रुपये पडायचे. एका दशकाच्या आत ६० चे ३००, ३०० चे १,०००, १,००० चे २,०००. सोयाबीनचा भाव या दहा वर्षांत किती वाढला, हा प्रश्न तात्यांनी विचारला नाही. मीच मनात विचारून घेतला.

बरं, २,००० वर थांबत नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाड्यांना महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे. दुचाकीला पाच वर्षांचे २,००० रुपये. मग ती उच्च सुरक्षा नंबरप्लेट: दुचाकीला ४५० आणि वर जीएसटी, म्हणजे ५३१. थर्ड पार्टी विमा ७१४, वर १८ टक्के, म्हणजे ८४३ च्या आसपास. पीयूसीचे ५०. बेरीज ५,४०० च्या पुढे जाते. यात लातूरला जायचं पेट्रोल नाही, फॉर्म भरून देणाऱ्याचे नाहीत, चहा नाही. गावातल्या मिस्त्रीने त्या स्प्लेंडरचे बारा हजार सांगितले होते, तेही तात्या रागावू नयेत म्हणून. म्हणजे गाडी रस्त्यावर ठेवायची परवानगी गाडीच्या जवळपास निम्म्या किमतीला.

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. "मी अर्ध्या तिकिटात लातूरला जाऊन येते, ह्यांच्या फटफटीला एवढे पैसे कशाला घालायचे?" यावर तात्यांनी शांतपणे विचारलं, की सकाळी साडेपाचला डेअरीवर दूध घालायला कोणती एसटी जाते ते सांग. करोनाच्या आधी गावात मुक्कामी गाडी होती. आता पहिली गाडी आठला येते, येते त्या दिवशी.

नंबरप्लेटचा किस्सा सांगायलाच हवा, कारण तो मी पुण्यात बसून आणि तात्यांनी गोठ्यात बसून केलेला प्रकल्प होता. ऑनलाइन बुकिंगला चासी नंबर आणि इंजिन नंबर लागतो. आरसी बुक वीस वर्षांचं, लॅमिनेशनच्या आत शाई उडालेली. मग तात्यांनी मोबाइल स्पीकरवर टाकून तो दुधाच्या कॅनवर ठेवला आणि रॉकेलच्या बोळ्याने हँडलखालची पट्टी घासायला घेतली. स्प्लेंडरचा चासी नंबर तिथे, मानेवर कोरलेला असतो. वीस वर्षांचं ग्रीस, शेण, धूळ. एकेक आकडा वर येत होता आणि तात्या एकेक आकडा सांगत होते. "आठ. नाय, थांब. तीन हाय. तीन का आठ, चाळशी आणू दे." मागे म्हैस ओरडत होती. इंजिन नंबर त्याहून वाईट जागी, खाली, गिअरच्या बाजूला; त्यासाठी गाडी आडवी करावी लागली आणि पेट्रोल सांडलं. शेवटी पोर्टलने नंबर स्वीकारला तेव्हा दोन्हीकडून आम्ही ओरडलोच.

बसवायचं केंद्र मात्र गावापासून लांब. एकदा तारीख मिळाली ती पुढे ढकलली गेली, दुसऱ्या तारखेला तात्या पोचले तर प्लेट आलेली नव्हती. कोणतं केंद्र, कोणती कंपनी, ते सोडा. राज्यभर प्लेट बसवायची मुदत इतक्या वेळा वाढली की, मार्च, एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर, त्यावरूनच अडचण एकट्या तात्यांची नव्हती हे दिसतं. दरावरून विधिमंडळात आणि बाहेर बराच गदारोळ झाला. विरोधकांनी गोवा आणि गुजरातचे कमी आकडे दाखवले, परिवहन विभागाने आपले दर इतर राज्यांच्या बरोबरीचे असल्याचं सांगितलं. मला त्या वादात फार रस नाही. ५३१ रुपये कमी की जास्त यापेक्षा, ते ५३१ रुपये वसूल होण्यासाठी तात्यांचे दोन दिवस का गेले, हे मला कुणीतरी सांगायला हवं आहे. प्लेटची किंमत राज्यभर सारखी होती. पोचायचं भाडं ज्याचं त्याने भरायचं होतं.

पासिंगच्या दिवशी मी सुट्टी काढून गावी गेले होते. आम्ही दोघं त्याच गाडीवर लातूरला गेलो, चाळीसेक किलोमीटर. दूध शेजाऱ्याच्या पोराकडे सोपवलं होतं. खोटं कशाला बोला, कार्यालयात आम्हाला कुणी छळलं नाही. मोटार वाहन निरीक्षक तरुण होते, बोलायला बरे होते. त्यांनी हेडलाइट लावायला सांगितला, हॉर्न वाजवायला सांगितला, इंडिकेटर बघितले, चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला (आमचा घासून लखलखीत केलेला, त्यांनी त्याबद्दल मान डोलावली) आणि पुढच्या गाडीकडे वळले. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. तात्या बाहेर येऊन म्हणाले, "मागच्या खेपेला बी एवढंच बघितलं होतं. तवा तीनशे घेतले."

या वाक्यात कायद्याचं एक जुनं त्रांगडं दडलेलं आहे. आपल्याकडे कर वेगळा आणि शुल्क वेगळं. कर सरकार कशाहीसाठी घेतं. त्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं हा प्रश्न तिथे नसतो. शुल्क मात्र एखाद्या सेवेचं असतं आणि त्या सेवेच्या खर्चाशी त्याचा काहीतरी मेळ असावा अशी अपेक्षा असते. गाडी वीस वर्षांची झाली म्हणून तिचा हॉर्न ऐकायला निरीक्षकाला जास्त खर्च येत नाही. मग ३०० चे २,००० होतात ते सेवेपोटी नव्हे, तर तुम्ही ही गाडी आता सोडा म्हणून. धोरण म्हणून ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मग त्याला दंड म्हणा, कर म्हणा, आणि विधिमंडळात किंवा संसदेत उभं राहून सांगा. शुल्काच्या तक्त्यात एक आकडा बदलला की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

आता दुसरी बाजू. जुनी गाडी धूर जास्त सोडते, हे खरं आहे. तात्यांची स्प्लेंडर बीएस-२ या जुन्या प्रदूषण मानकाच्या काळातली, कार्ब्युरेटरवाली. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीशी तिची तुलनाच नको. ब्रेक जुने, टायर टक्कल पडलेले, अपघाताची भीती जास्त. आणि ६० रुपयांत नोंदणी हा आकडाही हास्यास्पदच होता. तेवढ्यात कागदाचा आणि माणसाचा खर्चही निघत नसेल. शुल्क कधीच वाढवू नये असं म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. पण धुराचा हिशोब करायचा तर तो नीट करावा. धूर वयाने निघत नाही, चालण्याने निघतो. तात्यांची गाडी डेअरी, शेत, मोंढा धरून दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालते. पुण्यात वाकडहून मगरपट्ट्याला जाणारी दोन वर्षांची डिझेल एसयूव्ही एका सकाळी सिग्नलला उभ्या उभ्या जे सोडते, त्याचा विचार तक्त्यात कुठेच नाही. वय मोजायला सोपं असतं, तारीख आरसीवर असते. म्हणून वय मोजतात.

आणि 'नवी घ्या ना' हा सल्ला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्या काही हजारांनी उतरल्या, शोरूमवाल्यांनी गुलाल उधळला. जुन्यावरचं शुल्क ऑगस्टमध्ये वाढलं आणि नव्यावरचा कर सप्टेंबरमध्ये घटला. ढकलणारा हात आणि बोलावणारा हात असे दोन्ही एकाच वेळी. पण नवी स्प्लेंडर घेतली की राज्याचा एकरकमी कर आहेच. ती ९७.२ सीसीची म्हणून ९९ सीसीच्या आतल्या १० टक्क्यांत बसते. १०० सीसीच्या वर गेलात की ११. हा दर मुळात ८ आणि ९ होता. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेले, ती तूट भरून काढायची म्हणून राज्याने गाड्यांवरचा कर २ टक्क्यांनी वाढवला. पेट्रोल मोटारींचा ९ वरून ११ झाला तो तेव्हाच. माझ्या गावाने आयुष्यात कधी जकात नाका बघितला नाही. महापालिकांची तूट ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या मोटारसायकलीनेही भरली. त्यावर कुठे मोर्चा निघाला नाही, कारण हा कर शोरूमच्या 'ऑन रोड' किमतीत विरघळून जातो, दिसतच नाही.

सरकारला प्रदेश बघून दर ठरवता येत नाहीत असं नाही. येतात की. २०२४ च्या ऑगस्टअखेर महाराष्ट्राने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले. चारचाकीला '०००१' हवा असेल तर साधारण जिल्ह्यात ५ लाख, आणि मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा जास्त मागणीच्या ठिकाणी ६ लाख. म्हणजे लातूरच्या हौशी माणसाची ऐपत पुण्याच्या हौशी माणसापेक्षा लाखभराने कमी आहे, हे सरकारला पक्कं माहीत आहे. ते त्याने लेखी मान्य केलं आहे. पण ही समज एकचा आकडा मिरवणाऱ्यांपुरतीच. दुधाची कॅन वाहणाऱ्या स्प्लेंडरपाशी आली की लातूर आणि पुणे एका मापाचे होतात.

तेच दिल्लीचं. वीस वर्षांच्या गाड्यांचं नवं शुल्क दिल्ली-एनसीआरला लागू नाही. कारण उघड आहे: तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी बंदी आलेली, तेव्हा नूतनीकरणाचा प्रश्नच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्या गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नका असंही सांगितलं. म्हणजे ज्या शहराच्या हवेमुळे देशभर जुन्या गाड्यांविरुद्ध वातावरण तयार झालं, ते शहर या तक्त्याच्या बाहेर, आणि जिथे हिवाळ्यातल्या धुक्यात फक्त तुरीच्या फुलांचा वास असतो ते किल्लारी तक्त्याच्या आत. यात कुणाचा डाव आहे असं मला वाटत नाही. दिल्लीत बसून तक्ता केला की दिल्लीची अडचण आधी दिसते, इतकंच.

वरच्या टोकाला तर नियम भलताच हळवा होतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला १३ टक्के कर आहे. पण त्याला कमाल मर्यादा आहे, आधी २० लाख होती, २०२५ च्या जुलैपासून ३० लाख. म्हणजे गाडी साधारण दोन कोटी तीस लाखांच्या पुढे गेली की कराचा काटा थांबतो. चार कोटींची गाडी घेणाऱ्याला टक्का पडतो साडेसात. स्प्लेंडरवाल्याला १०. ही मर्यादा वाढवणाऱ्या २०२५ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, तो मुख्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात मागे घेतला. विजेच्या गाड्यांना सवलत हवीच, पण ३० लाखांवरच्या गाडीचा मालक ६ टक्क्यांमुळे पेट्रोलकडे वळला असता, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि बीएच, म्हणजे 'भारत' नंबरांची मालिका? बदलीची नोकरी असलेल्या सरकारी माणसाला, किंवा चार राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीतल्याला, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ८ टक्क्यांच्या हिशोबाने, तोही दोन-दोन वर्षांचा हप्ता भरून चालतं. सोय चांगली आहे. माझ्या ऑफिसात निम्म्या पार्किंगमध्ये त्या बीएच प्लेटा दिसतात. जो नोकरीच्या निमित्ताने राज्य ओलांडतो त्याच्यासाठी कर हप्त्यांत. जो पिढ्यान्‌पिढ्या एकाच तालुक्यात राहतो त्याने मात्र शोरूमच्या दारातच सगळा मोजायचा.

लायसनबद्दल फार बोलत नाही, तिथे खरोखर सुधारणा झाली आहे. लर्निंगचं शुल्क ३० वरून १५० झालं, चाचणीचं ५० वरून ३००. पण २०२१ पासून लर्निंग घरबसल्या निघतं आणि तेवढा एक हेलपाटा वाचला. पक्क्या लायसनची ट्रायल मात्र जागेवर जाऊनच द्यावी लागते, आणि द्यावीच. तालुक्याला महिन्याच्या ठरलेल्या तारखांना आरटीओचं शिबिर लागतं, विश्रामगृहाच्या मैदानात आठ आकडा आखून ट्रायल घेतात, ही गोष्ट शहरात कुणाला माहीतच नसते. ती शिबिरं वाढवली, त्यातच म्हाताऱ्या दुचाकींचं पासिंग उरकलं, तर निम्मं गाऱ्हाणं तिथेच संपेल. आमच्यासाठी लातूर चाळीस किलोमीटर. आम्ही रडायचं कारण नाही. सिरोंच्याचा माणूस गडचिरोलीला निघाला की त्याला दोनशेहून जास्त किलोमीटर जायचं असतं, जंगलातून, आणि पावसाळ्यात नाल्यांवरचे पूल पाण्याखाली गेले की तेही नाही. त्याच्या मोटारसायकलीचं नूतनीकरणही २,०००. एक मुक्काम, दोन दिवसांची मजुरी आणि वर शुल्क. या हिशोबाला सरकारी भाषेत 'एकसमान दर' म्हणतात.

मालवाहू गाड्यांची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये फिटनेसचे दर वाढले, वीस वर्षांवरच्या जड ट्रकला २,५०० चे २५,००० झाले. आमच्याकडे ऊस आणि खडी वाहणारे जुने ट्रक कुणाचे आहेत आणि त्यांचं काय होणार, ते मला नीट बघून लिहायचं आहे. रिक्षावाल्यांना निदान संघटना आहे. फिटनेसला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये, या दंडाविरुद्ध ते २०२४ मध्ये रस्त्यावर उतरले आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना विधिमंडळात स्थगिती जाहीर करावी लागली. दुचाकीवाल्या शेतकऱ्याची संघटना कुठली? तो ऊसदरासाठी उतरतो, पीकविम्यासाठी उतरतो. मोटारसायकलीच्या कागदांसाठी उतरत नाही. तो दुसरं काहीतरी करतो.

काय करतो, ते लातूरहून परत आल्यावर कळलं. तात्यांच्या अंगणात गाडीचं पासिंग झाल्याची बातमी पसरली तसे दोघं-तिघं आले. आमच्या भावकीतला एक पोरगा, त्याची एमएच-१४ ची बजाज. "ताई, माझं बी बघ की ऑनलाइन. लई दिवस झाले." मी नंबर टाकला. नोंदणीची मुदत संपून चार वर्षं झाली होती. विमा त्याच्याही आधीचा. त्याला मी विचारलं, पोलिस धरत नाहीत का? म्हणाला, मोठ्या रस्त्याला जातच नाही, गेलो तर आतल्या वाटेनं जातो. मग एकेक जण सांगायला लागला. कुणाची सात वर्षं, कुणाची मोजलीच नाहीत. अंगणातल्या पाच-सहा गाड्यांपैकी कागद पुरे असलेली एकटी तात्यांची होती, आणि तीही दुपारपासून.

शुल्क वाढवणाऱ्याने विचार करायला हवा होता तो इथे. बारा हजारांच्या गाडीला पाच हजारांचे कागद मागितले की माणूस गाडी भंगारात घालत नाही, तो कागद सोडून देतो. गाडी तीच राहते, धूर तोच राहतो. जातो तो फक्त विमा. उद्या त्या बजाजखाली कुणी आलं तर नुकसानभरपाई द्यायला विमा कंपनी नसेल. मोटार अपघात न्यायाधिकरण मालकाला जबाबदार धरेल आणि मालकाकडे दोन एकर आणि एक म्हैस. ज्याचा पाय मोडला त्यालाही काही मिळणार नाही, आणि ज्याने मोडला त्याचं शेत जाईल. सरकारच्या खात्यावर जमा होतात शून्य रुपये. कमी शुल्कात हजार गाड्या विम्यासह वहीत राहणं बरं, की चढ्या शुल्कात शंभर, याचं गणित कुणीतरी मांडलं असेल अशी आशा आहे.

आणि एकदा मुदत उलटली की परतीची वाट नाही. नूतनीकरणाला उशीर झाला तर मोटारसायकलीला महिन्याला ३०० रुपये वेगळे. चार वर्षं म्हणजे अठ्ठेचाळीस महिने. मी मोबाइलवर गुणाकार केला आणि त्या पोराला दाखवला: १४,४०० नुसता उशिराचा दंड, मग पासिंगचं शुल्क, मग पर्यावरण कर, मग प्लेट, मग विमा.

त्याने आकडा दोनदा वाचला. "ताई, एवढ्यात दुसरी येती की." तात्या म्हणाले, मग दुसरी घे. तो हसला. दुसरी बी पुण्याचीच येणार म्हणाला, तिचे बी कागद संपतच आलेले असतील. सकाळी त्याच बजाजवर सोयाबीनची दोन पोती आडवी टाकून तो मोंढ्याला गेला, आतल्या वाटेनं.